जमालपूरचे वीस रुपये: एका माजी सैनिकाच्या आठवणी नोंदवल्यावर काय काय झालं

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं. माणूस एकच, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, नाईक म्हणून रिटायर झालेला, १९७१ ला जमालपूरच्या लढाईत होता. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, मीपण तेच म्हणणार. खरं नाव, गाव, आणि पुढे ज्या दुसऱ्या घराचा विषय येतो त्यांचंही नाव-गाव मुद्दाम टाकलेलं नाही, दोन्ही घरांनी तशी अट घातली होती. लिहायचं कारण असं की माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करते म्हटलं की लोक विचारतात, अगं पण त्यातून मिळतं काय, लढाई तर पुस्तकात आहेच की. हो, लढाई आहे पुस्तकात. पुस्तकात काय नाहीये आणि ते कुणाच्या किती कामाचं होतं, हे या एका प्रकरणात मला जेवढं दिसलं तेवढं दुसरीकडे कुठेच दिसलं नाही, म्हणून ते सविस्तर.

आधी लढाईचं थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तान. मेघालयाच्या बाजूने खाली उतरलेली ९५ माउंटन ब्रिगेड, कमांडर ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर. त्यात पहिली मराठा, सीओ म्हणजे पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. ४ डिसेंबरला सीमेवरचं कमालपूर ठाणं पडलं, मग ब्रिगेड जमालपूरकडे सरकली, तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. जमालपूर जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर आहे. समोरून धडक मारण्याऐवजी पलटणी नदी ओलांडून गावाच्या मागे गेल्या आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसल्या. ९ तारखेला क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तिकडून ३१ बलुचचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदने उत्तर पाठवलं ते बंदुकीची गोळी कागदात गुंडाळून, मजकूर साधारण असा की लढाई अजून सुरूच झालेली नाही, पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन भेटा. १० च्या मध्यरात्री ३१ बलुचने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला तो थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. सकाळपर्यंत जमालपूर पडलं होतं. ११ च्या संध्याकाळी पहिली मराठा टांगाईलजवळच्या पुंगली पुलावर २ पॅराला जाऊन मिळाली, ही विमानातून पॅराशूटने उतरलेली २ पॅरा म्हणजेसुद्धा मुळात मराठ्यांचीच जुनी तिसरी बटालियन. पलटणीला पुढे जमालपूर हा बॅटल ऑनर, म्हणजे लढाईच्या नावाचा बहुमान, मिळाला.

एवढं सगळं छापलेलं आहे, कुणीही वाचू शकतं. आबांनी मात्र यातलं घरात कधीच काही सांगितलं नव्हतं. मुलगा मुंबईत माथाडीत, त्याला एवढंच माहीत की वडील "बांगलादेशला होते". २०२१ ला लढाईला ५० वर्षं झाली, स्वर्णिम विजय वर्ष साजरं झालं, तालुक्यात कार्यक्रम झाला, आबांना स्टेजवर बसवलं, शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. भाषणं पाच-सहा जणांनी केली आणि त्यातलं एकही आबांनी किंवा त्यांच्या बाजूच्या माजी सैनिकांनी केलं नाही. मला ते खूप लागलं. ज्याने ते बघितलंय तो गप्प बसलाय आणि ज्याने वाचलंय तो माईक सोडत नाहीये. (सत्काराला माझा विरोध नाही, आबांना ती शाल आवडली होती, थंडीत तीच घेतात. पण ऐकलं कुणी नाही.) मी त्याच गावची लेक, शाळेत शिकवते, आबांना लहानपणापासून ओळखते, म्हणून त्यानंतर मीच विचारलं, आबा, तुमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का. ते म्हणाले, "काय सांगायचं पोरी त्यात, सगळ्यांनीच केलं."

हे "सगळ्यांनीच केलं" तुम्हाला प्रत्येक माजी सैनिकाकडून ऐकायला मिळेल आणि इथेच बहुतेक जण फोन बंद करून उठतात.

प्रश्न कसे विचारले

सुरुवातीला "युद्धात काय झालं" असं विचारलं की आबा पेपरातल्यासारखं बोलायचे. दुश्मनाने हल्ला केला, आम्ही परतवला, जवानांनी शौर्य दाखवलं. आवाजसुद्धा बदलायचा. मग मी लढाईचं विचारणं सोडलंच. पायात काय होतं? झोपलात कुठे? नदी ओलांडताना पाणी कुठपर्यंत? मोर्चा खणायला किती वेळ लागला, माती कसली होती? आणि आबा शेतकरी माणूस, मातीचं विचारल्याबरोबर सुरू झाले. म्हणाले, "माती आपल्यासारखी न्हाय, दगुडच न्हाय त्यात. आपल्याकडं खड्डा काढायचा म्हंजी पहार लागती, तितं हातानं निघायची, पर पाणी लगीच लागायचं." म्हणजे अर्ध्या खड्ड्यात पाणी, डिसेंबरची थंडी, आणि त्यात रात्रभर बसायचं. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

मग त्यांनी सोप्यात जमिनीवर जमालपूर मांडून दाखवलं. स्वतःची काठी आडवी ठेवली, ही नदी. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं काढली, ही त्यांची बंकरं. पानाची चंची, हे आपलं कंपनी हेडक्वार्टर. तंबाखूची डबी रस्त्यावर. एकेक वस्तू ठेवताना नीट विचार करत होते, एक पाकीट ठेवलं, उचललं, बोटभर डावीकडे सरकवलं. शेवटी चष्म्याचं घर हातात घेऊन बराच वेळ थांबले आणि ते रस्त्याच्या अलीकडे, चंचीच्या जरा पुढे ठेवलं. मी विचारलं हे काय. म्हणाले, "हितं आमचा पाटील." पाटील हे त्याचं खरं आडनाव नाही, इथे लिहिण्यापुरतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ भागातला पोरगा, दोघं बेळगावला ट्रेनिंगला बरोबर होते, पलटणीतही बरोबर आले. त्या रात्री तो गेला. आबा त्याच्यापासून दोन मोर्चे सोडून होते.

त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. मी फोन बंद केला. आजींनी चहा टाकला. मला वाटतं तिथे आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

नियम म्हणाल तर आम्ही थोडेच पाळले. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट आहे, २००० साली त्यांच्या संसदेने एकमताने कायदा करून सुरू केलेला, तिथे मुलाखती घेणारे बहुतेक साधे स्वयंसेवक असतात, घरचे लोक, शाळा-कॉलेजातली पोरं, आणि आजवर एक लाखाच्या वर लोकांच्या आठवणी तिथे जमल्यात. त्यांचा नियम आहे की मुलाखत निदान ३० मिनिटांची हवी आणि कापाकापी न केलेली हवी. तो मी उचलला. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन फ्लाइट मोडवर, शर्टाला लावायचा साधा माइक. भाषा आबांची आहे तशी उतरवायची, "होते"चं "व्हतं" आहे तर "व्हतं"च लिहायचं. आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारायचं, आबा आज जे सांगितलं त्यातलं काय घरात ठेवायचं, काय बाहेर दिलं तर चालेल. एक भाग त्यांनी घरातच ठेवायला सांगितलाय, तो मी इथेही लिहिणार नाही.

तारखांचा विषय निघाला तेव्हा मी जरा साशंक होते, ५० वर्षांनंतर कुणाला तारीख आठवते. पण आबा ११ डिसेंबर ठामपणे म्हणत होते आणि कारण विचारलं तर म्हणाले, "आमचं घर पडलं तीच तारीख की." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. आबांचं घर त्यात बसलं, ते तेव्हा सतरा-अठराचे, घर उभं करायला पैसा नाही, शेती डोंगरउतारावरची, म्हणून पुढच्या वर्षी बेळगावला जाऊन भरती झाले. आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला सकाळी ते जमालपूरबाहेर उभे होते. आता मी प्रत्येकाला असंच विचारते, त्या वेळी घरी काय चाललं होतं, कुणाचं लग्न होतं, कुठलं पीक शेतात होतं. माणूस तारीख विसरतो पण सुगी विसरत नाही.

वीस रुपये

पाटलाचं पुढचं आबांनी स्वतःहून सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, आणि सुरुवात लढाईपासून नव्हतीच. भूकंपात पडलेल्या घरावर कौलं घालायची राहिली होती, आबांना गावी मनिऑर्डर करायची होती, वीस रुपये कमी पडत होते, ते पाटलाने दिले. पुढच्या पगाराला देतो म्हणाले. पुढचा पगार व्हायच्या आत पलटण हलली.

"त्येच्याच कौलाखाली बसतोय मी," आबा म्हणाले. कौलं मधे एकदा बदललीत, पण ते त्यांच्या लेखी महत्त्वाचं नाही.

मग त्यांनी सांगितलं की सकाळी लढाई थांबल्यावर ते पाटलाकडे गेले. तो लगेच गेला नव्हता, रात्री जखमी झाल्यावर त्याच्याजवळ दुसरा एक जवान होता, त्याने पाणी दिलं, त्याच्याशी बोलत राहिला. पहाटेच्या आधी संपलं. त्या काळी देह गावाला पाठवत नव्हते, जिथे तिथेच अंत्यसंस्कार व्हायचे. आबा त्या अंत्यसंस्काराला उभे होते. जागा त्यांना आठवते, ताडाची झाडं, मागे भाताची खाचरं, आणि तिथल्या गावातले बंगाली लोक स्वतः लाकडं घेऊन आले होते. त्या लोकांनी त्या दिवसांत पलटणीचं सामानही वाहिलं, होड्या दिल्या, हे तर सगळेच सांगतात. पण एका कोल्हापूरच्या पोराच्या सरणाला जमालपूरच्या शेतकऱ्यांनी लाकडं आणून दिली, हे आबांनी सांगेपर्यंत मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

मी विचारलं, आबा, त्याच्या घरी कधी गेलात का. नाही गेले. सुट्टीवर आले तो १९७२ चा दुष्काळ. लढाई करून आलेला जवान घरी आला तर घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, आई, वहिनी, बायको. त्यांनीही सुट्टीभर खडी फोडली. पाटलाच्या गावाला जायचे पैसे नव्हते आणि तोंडही नव्हतं, वीस रुपये द्यायचे होते ना. नंतर पोस्टिंग, मग पोरं, मग राहूनच गेलं. पण राहून गेलं म्हणजे विसरले असं नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून स्पष्ट कळत होतं.

शेअर केल्यावर

मग आबांनीच सांगितलं की एवढा भाग बाहेर दिला तर चालेल, कुणी ओळखीचं असेल तर कळेल. आम्ही साधारण चार मिनिटांचा तुकडा काढला, फक्त आवाज, त्यात पाटलाची ओळख पटेल एवढं होतं पण जखमेचं वर्णन नव्हतं. आधी दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या यादीत नाव तपासलं. तिथे २०१९ पासून स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं त्यागचक्रात ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत, यादी ऑनलाइनही बघता येते. नाव होतं, पलटण जुळली. मग तुकडा माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो साताऱ्याच्या ग्रुपवर, तिथून कोल्हापूरला, आणि मग एका रिटायर्ड मास्तरांपर्यंत गेला ज्यांनी तो ऐकून गावातला स्मृतिस्तंभ बघितला आणि पाटलाच्या धाकट्या भावाच्या घरी जाऊन फोन त्याच्या कानाला लावला.

मधेच एक वाईटही झालं, ते सांगायलाच हवं. कुणीतरी तोच तुकडा घेऊन त्यावर झेंडे, आग, देशभक्तीपर गाण्याचं म्युझिक टाकून फिरवला, आबांचा आवाज अर्ध्यात तोडला होता, लाकडांचं वाक्यच उडवलेलं. आबांनी नातवाच्या फोनवर तो बघितला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "मी काय पिक्चर हाय व्हय?" ज्याने केलं त्याचा हेतू वाईट नसावा, सांगितल्यावर त्याने काढलाही, पण तोवर तो पुढे गेला होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीलाच सांगणाऱ्याच्या आवाजात एक वाक्य घेतो, की हे असंच ऐकावं, यात काही घालू-काढू नये. पूर्ण बंदोबस्त होत नाही याने, पण बराच फरक पडतो.

भावाचा फोन आला तो आधी मास्तरांनी मला लावून दिला. बराच वेळ नुसतं हूं हूं करत होते. मग म्हणाले, "ताई, आमची आई जाईस्तोवर एकच विचारायची, एकटा व्हता का रं त्यो?" घरी तार आली होती, नंतर साहेबांचं पत्र आलं, ट्रंक आली. पत्र इंग्रजीत, तेव्हाच्या शाळामास्तरांनी वाचून मतितार्थ सांगितला की शौर्याने लढला. पण एकटा होता का, पाणी मिळालं का, सरण कुणी रचलं, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही, सांगणार तरी कोण, आणि आई त्याच प्रश्नावर तीसेक वर्षं जगून गेली. तिला कळायला हवं होतं. आबा तेव्हा हयात होते, चालतेफिरते होते, एसटीने एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर होते, आणि कुणीतरी दोघांची गाठ घालून देण्याइतकं विचारायला हवं होतं. याची मला अजूनही चुटपुट लागते, म्हणून मी लोकांना घाई करते.

भाऊ भेटायला आले, पाटलाचा फोटो आणि ते पत्र घेऊन. मी तिथे होते. आबांनी फोटो हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते, "ह्यो फोटू बेळगावचा. मागं पडदा हाय बघा, त्यो फोटूवाला केस वल्लं करून भांग पाडाय लावायचा." भाऊ हसले. मला वाटलं होतं दोघं रडतील, तर पहिला अर्धा तास नुसते ट्रेनिंगचे किस्से चालले होते, पाटील रात्रीच्या पहाऱ्याला कसा गाणी म्हणायचा, मटणाच्या दिवशी रांगेत दोनदा कसा उभा राहायचा. भावाने ज्याला हाराच्या फोटोत बघितलं होतं तो बावीस वर्षांचा खोडकर पोरगा होता हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हे मला सगळ्यात मोठं मिळालेलं वाटतं. शहीद म्हणून गाव त्याला ओळखतच होतं. माणूस म्हणून ओळखणारा तिकडे कुणी उरला नव्हता, आणि इकडे एक जण होता.

जागेचं आबांनी सगळं सांगितलं, ताडाची झाडं, खाचरं, लाकडं आणणारे लोक. भावाने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं, आबांनी तिसऱ्यांदाही तसंच सांगितलं. पत्र आम्ही पूर्ण वाचून दाखवलं. पत्रात अंत्यसंस्काराची तारीख १२ आहे, आबा ११ म्हणतात, दुपारनंतर पलटण टांगाईलकडे निघाली मग १२ ला आम्ही तिथे कसे असू, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही लिहून ठेवलंय. कुठलं खरं ते ठरवायची घाई करू नये, लिहिणाऱ्याने पत्र नंतर लिहिलं असेल किंवा आबांच्या दोन सकाळी एक झाल्या असतील.

मग आबांनी पाकीट पुढे केलं. त्यात दहाच्या दोन नोटा. व्याज वगैरे काही नाही, वीस म्हणजे वीस. भाऊ घेईनात, हात मागे ओढत होते, आणि खरंच अवघड झालं होतं सगळ्यांना. तेव्हा आजी आतून म्हणाल्या, "घ्या भावजी, न्हायतर ह्यास्नी झोप लागायची न्हाय." भावाने घेतले, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले आणि जेवायला बसले.

आजींचं रेकॉर्डिंग, आणि त्यातून सुटलेला एक कागद

आता आजींचं. त्यांचं रेकॉर्डिंग ठरलेलं नव्हतंच. आबांना काही आठवेना की त्या आतून सांगायच्या, म्हणून एकदा म्हटलं तुम्हीच बसा. डिसेंबर ७१ मध्ये लग्नाला दोन वर्षं झालेली, वय सतरा-अठरा. पत्र आलं तर पोस्टमनच वाचून दाखवायचा, सासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याने बायकोला काही लिहायची सोयच नाही. मग आबांनी युक्ती केली होती, पत्रात शेवटी "म्हशीची काळजी घ्या" लिहिलं की ते आजींसाठी. घरात म्हैस नव्हती! पोस्टमनला आणि सासऱ्यांना ते माहीत होतं की नाही हे आजींना आजतागायत कळलेलं नाही. लढाईच्या दिवसांत गावात रेडिओ एकाच घरी, बायका ओढ्यावर धुणं धुताना एकमेकींना विचारायच्या, तुझ्या मालकाची पलटण कुठली गं. खाकी कपड्यातला कुणीही चढावर दिसला की पोटात गोळा यायचा, तार घेऊन आला असेल म्हणून. एकदा तसा एक जण खरंच त्यांच्या दाराशी आला, तो वनखात्याचा निघाला, पाणी प्यायला थांबला होता. आजी म्हणाल्या, "त्येला पाणी दिलं आन् आत जाऊन भिताडाला धरून बसले."

माझ्या मते या सगळ्या नोंदीत जतन करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काय असेल तर हे बोलणं. ते कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही, पलटणीच्या वॉर डायरीत नाही, आणि आजी गेल्या असत्या तर कायमचं गेलं असतं.

त्याच बैठकीत एक अगदी व्यवहाराची गोष्ट उघडी पडली. तपशील तपासायला म्हणून आबांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, काढला, बियाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. मी आजींना त्यांचं नाव विचारलं तर त्यांनी सासरचं सांगितलं, आधार कार्डवर तेच. कागदावर मात्र माहेरचं नाव. लग्नात नाव बदललेलं, भरतीनंतर कुणी तरी माहेरचं लिहून दिलं, कुणाच्या लक्षात नाही आलं. उद्या आबांचं काही बरंवाईट झालं असतं तर आजींना फॅमिली पेन्शनसाठी हे सिद्ध करत फिरावं लागलं असतं की त्या दोघी एकच बाई आहेत. प्रतिज्ञापत्र केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले, वेळ लागला पण आबा हयात असताना त्यांच्या सहीने झालं. तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत मी बायकोचं नाव दोन्हीकडचं विचारते आणि कागदाशी जुळवते. आतापर्यंत असा घोळ आणखीही घरांत सापडलाय. आठवणी गोळा करायला गेलेल्या माणसाने हे करायला काहीच हरकत नाही, उलट करावंच.

गावात काय बदललं

आबा शाळेत येऊन बोलले. भाषण नाही, पोरांनी प्रश्न विचारायचे. एका मुलीने विचारलं, तुम्हाला भीती वाटली का. आबा म्हणाले, "लय." तेवढंच. पोरं एकदम शांत झाली आणि मग हात वर यायला लागले. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला असतो, सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गावच आहे ज्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या ४६ जणांपैकी एकाचाही आवाज आज आपल्याकडे नाही. आमच्याच देवळामागे वीरगळ उभे आहेत, खालच्या पट्टीत लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर पिंडीची पूजा, आणि नाव बहुतेकांवर नाही. शेंदूर लावतात, नारळ फोडतात, पण कोण होता ते कुणालाच ठाऊक नाही. पोरांना मी ते वीरगळ दाखवले आणि म्हटलं, तुमच्या आजोबांचं निदान नाव आणि आवाज तरी राहू दे.

रेकॉर्डिंगच्या प्रती तीन ठिकाणी आहेत, आबांच्या घरी पेनड्राइव्हवर, शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि ऑनलाइन. उतरवलेला मजकूर छापून आबांना दिला, मुंबईचा मुलगा गणपतीला आला तेव्हा त्याने तो एका बैठकीत वाचला आणि वडिलांना विचारलं, हे मला का नाही सांगितलं. आबा म्हणाले, तू विचारलंस कधी. मुलगा आता दर आठवड्याला फोन करतो तेव्हा काहीतरी विचारतो, आणि मधेच मला मेसेज येतो की हे लिहून ठेव. त्यातला परवाचा मेसेज बेळगावच्या मेसमधल्या डाळीबद्दल होता.

पाटलाच्या भावाने त्यांच्या गावात मास्तरांच्या मदतीने हेच सुरू केलंय. स्मृतिस्तंभावर जेवढी नावं आहेत त्या प्रत्येकाला प्रत्यक्ष ओळखणारं कोण कोण हयात आहे, याची यादी ते करतायत. बहीण, वर्गमित्र, शेजारी, पलटणीतला सोबती. दोन नावांपुढे अजून कुणीच मिळालेलं नाही, त्या दोन पलटणींच्या माजी सैनिकांना विचारणं चालू आहे.

इकडे आमच्या यादीत पुढचे आहेत ते शांतिसेनेतून १९८७ ला श्रीलंकेत गेलेले एक हवालदार. त्यांच्या काळातलं काय बाहेर द्यायचं आणि काय नाही याचा जास्त विचार करावा लागणार आहे, बरोबरचे बरेच जण हयात आहेत, काही विषय अजून दुखरे आहेत, म्हणून आधी सगळं नुसतं नोंदवून ठेवायचं असं आमचं ठरलंय. आबांनीच त्यांना तयार केलं. हवालदार हो म्हणाले, पण त्यांचीही एक अट आहे, आधी मालकिणीचं घ्या म्हणाले, तिला जास्त आठवतंय. पुढच्या रविवारी काकूंकडे जायचंय.